सुपाआडचा फासा

ही गोष्ट माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. पोराला माहीत नाही, सुनेला नाही, शेठला तर नाहीच. बायकोच्या दशक्रियेला नदीकाठी कावळा शिवेना, तेव्हा सगळे एकमेकांना विचारत होते, बाईची काय इच्छा राहिली असंल? कुणी म्हणालं, नातवाचं जावळ. कुणी म्हणालं, पुण्याचा फ्लॅट बघायचा राहिला. पोरगं हात जोडून एकेक कबूल करत होतं. मी बाजूला उभा. मला माहीत होतं काय राहिलंय. बोललो का? नाही बोललो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

चौथी शिकलोय. अक्षर वाकडं येतं, पण गोष्ट वाकडी सांगणार नाही. तुम्ही हसाल — खेळातली गोष्ट आहे. हसा.

कोरोनाच्या वर्षी पोरगा आणि सून पुण्याहून येडगावला येऊन राहिले. सुनेला एक खेळ यायचा. एक जण गोष्ट सांगतो — समोर जंगल आहे, गुहा आहे, गुहेत राक्षस आहे. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि काय करणार ते सांगतात. लढाई लागली की फासा टाकायचा. वीस तोंडांचा फासा, मोठ्या बोराएवढा. जास्त पडले की वार लागला, कमी पडले की हुकला. जीव ज्याचा त्याला मोजून दिलेला. सून तो कागदावर लिहायची. हौसाला, म्हणजे आमच्या मंडळींना, कागद जमेना, म्हणून तिनं वाटीत चिंचोके घेतले. वार जेवढ्याचा बसला तेवढे चिंचोके काढायचे. वाटी रिकामी, माणूस मेला.

आधी नाव ठेवायचं असतं. सून म्हणाली, आई, तुमच्या माणसाचं नाव काय? हौसा फट्‌दिशी म्हणाली, "यमुना."

ते तिचं माहेरचं नाव. निरगुडसरच्या घरातलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीनं त्यात हौसा लिहिलं, तेव्हापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. मी पण विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

मग पोरं परत गेली. खेळ राहिला. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं आलं, खेळायला हौसा आणि शेठ. शेठ म्हणजे बाजारातला किराणावाला, माझ्या वयाचा. त्यांचे आजे-पणजे कधीतरी राजस्थानातून आले. शेठचं बोलणं आमच्यापेक्षा गावठी. जैन माणूस. खेळात वैद्य झाला आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "राव, खेळात झालं म्हणून काय झालं, मी मुंगीबी मारायचो न्हाई. तुमी मारा, मी मलम लावतो." म्हणजे वार करायचा हौसानं आणि चिंचोके परत भरायचे शेठनं. लई हसायचो आम्ही. दुपारी ओट्यावर बसायचो. माझ्यापुढं सूप उभं करून ठेवलेलं — गोष्ट सांगणाऱ्याचा फासा आणि शत्रूचे चिंचोके समोरच्याला दिसू नयेत म्हणून.

जाताना सुनेनं बजावलं होतं. बाबा, तुम्ही राक्षसाच्या बाजूनं फासा टाकता, पण तुम्ही त्यांचे वैरी नाही. लढाई अवघड ठेवा, पण जिंकता येईल अशी ठेवा. किती जण खेळतायत ते बघून शत्रू ठेवा. पळून जायला एक वाट ठेवा. आणि पुढं धोका आहे हे आधी कळू द्या.

मला ते जमलं. खोटं कशाला बोलू, चांगलं जमलं. दोन लांडगे ठेवले तर हौसाची वाटी अर्धी होते. तीन ठेवले तर शेठला दोनदा मलम लावावं लागतं. चार म्हणजे मरण, पण मध्ये ओढा ठेवला तर चारही चालतात. गोठ्यातलं शेण काढताना मी हे मनात मोजत बसायचो. आणि माझा शब्द चालायचा. बैलगाड्याच्या शर्यतीत मी कित्येक वर्षं घड्याळ धरून सेकंद सांगितलेत. बारी कुणाचीही असो, मी सांगितलेल्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नाही. तर सुपाआडून सांगितलेल्या आकड्यावर घरची बाई कशाला ठेवील?

इथवर सगळं बरं आहे. इथंच थांबावं वाटतंय.

यमुना भारी निघाली, हे खरं दुखणं. घरात हौसा टोमॅटोला पाणी सोडायचं तरी मला विचारायची. माहेरी जायचं तरी विचारायची, आणि मी लगेच हो म्हणायचो असं नाही. पण गोष्टीत ती डोंगर चढायची, राजाला उलट बोलायची, रस्ता सोडून जंगलात शिरायची. आणि जिंकायची. एका दुपारी शेठ तिला म्हणाला, "वैनी, रस्ता सोडताय, भाऊला इचारा तरी." ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "हितं न्हाई कुणाला इचारायचं. यमुनेला नवरा न्हाई."

शेठ इतका हसला की बशी उपडी झाली. मी पण हसलो. वरून.

तुम्हाला कधी अशी जागा लागलीय का, जी कुणाला दाखवता येत नाही? शिवी दिली असती तर मी उलटून दिली असती. ह्याला काय देणार? म्हातारा माणूस, बायकोच्या खेळातल्या एका वाक्यावर तीन दिवस धुमसत होतो. शेणाच्या पाट्या टाकत टाकत मी एक लढाई रचली.

घाटाच्या तोंडाशी जकात घेणारा एक राक्षस बसवला. बरोबर सहा चाकर. हौसा आणि शेठ दोघं असते तरी तीन चाकर पुष्कळ झाले असते, हे मला माझ्या गोठ्यातल्या गुरांएवढं पाठ होतं. आणि दिवस कुठला धरला? शेठचं पर्युषण चालू होतं, तो आठ दिवस उपास करून मंदिरात. हौसा म्हणाली, "शेठ येऊ द्या की." मी म्हणालो, नुसती सुरुवात करू. धोका आहे हे सांगितलं नाही. ती घाटात शिरली, तशी मागं दरड पाडली. वाट बंद.

तरी ती जिंकत आली होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिनं चाकरांना पाण्याच्या टाकीत पाडलं, एकेक करून. मला सुचलंही नव्हतं की टाकीचा असा उपयोग होतो. मी आपली नुसती दगडात कोरलेली म्हणून सांगितली होती. मग राक्षसावर आली. तिच्या तिसऱ्या वाराला सुपाआड माझी वाटी रिकामी झाली. राक्षस मेला होता. ती घाट जिंकली होती. मला फक्त तोंड उघडून सांगायचं होतं.

मी खिशात हात घातला आणि मूठभर चिंचोके परत वाटीत ठेवले. एकेक ठेवले. आवाज होऊ नये म्हणून.

तिच्याकडं चार उरले होते, राक्षसाच्या एका वारात जातील एवढेच. मी फासा टाकला. राक्षसाचा वार लागायला चौदा लागत होते. फासा थांबला, मी बघितला.

"किती?"

"एकोणीस."

ती सुपामागं वाकली नाही. तसं करणारी बाई नव्हती ती. आपल्याच हातानं चारी चिंचोके काढून खाली ठेवले. "मंग मेली म्हनायची का यमुना?"

मी म्हणालो, मेली. आणि वर असं म्हणालो की सून सांगून गेलीय, दुसरा माणूस करता येतो, दुसरं नाव घे.

"दुसरी कुठनं आनू?" म्हणाली. चिंचोके डब्यात टाकले आणि भाकरीचं पीठ काढायला आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन विचारलं, टोमॅटोला पाणी सोडू का. मी म्हणालो, सोड. मला बरं वाटलं. हे पण लिहितो — मला त्या सकाळी बरं वाटलं.

पर्युषण संपलं आणि शेठ ओट्यावर आला. त्यांच्यात त्या दिवशी सगळ्यांची माफी मागतात. त्यानं मला हात जोडले, हौसाला जोडले, म्हणाला, "वरीसभरात काय चुकलं आसंल तर माफ करा. वैनी, त्या दिवशी मी पायजे व्हतो." ज्यानं काही केलं नव्हतं तो माफी मागत होता. मी त्याच्या शेजारी बसून बडीशेप खाल्ली.

खेळ परत झाला नाही. शेठनं दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

दोन वर्षांनी हौसाच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात एका दुपारी मी मोसंबी सोलत होतो. ती छताकडं बघत पडलेली. मध्येच म्हणाली, "अवं, त्या दिवशी खरंच एकोनीस पडलं व्हतं का?"

कुठल्या दिवशी, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. दोन वर्षं ती तो घाट परत परत चढत होती, हे मला तेव्हा कळलं. हातात मोसंबी, पलंगावर ती, खोलीत तिसरं कुणी नाही. याहून सोपी वेळ माणसाला कधी मिळते?

मी म्हणालो, "एकोणीसच."

"मंग माझंच चुकलं," ती म्हणाली. "शेठ येईस्तवर थांबाया पायजे व्हतं."

मी तिला मोसंबीची फोड दिली. तिनं ती तोंडात धरून ठेवली, खाल्ली नाही. आठवड्यानं गेली. स्वतःचं चुकलं असं समजून गेली.

कुणी म्हणेल, खेळच तो. मी पण स्वतःला तसं सांगून बघितलंय. पण एका बाईचं नाव मी तांदळात पुसलं, ते रीत म्हणून. सुपाआड पुसलं, ते माझ्या मनानं.

फासा घरात आहे, तिच्या वाटीत. सूप खुंटीला. त्या दुपारी फासा घरंगळत येऊन सुपाच्या काठाला टेकून थांबला होता. ऊन चांगलं होतं. वरचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं.

तीन पडले होते.