कैरीच्या वासाचं रोप

बाबा गेल्यावर आईला मी इकडे परदेशात, हौगांगला घेऊन आले, तेव्हा तिची एकच अट होती : परतीचं तिकीट आधी काढायचं. दसरा इथे करीन, मग पुण्याला. तिचा लाँग-टर्म पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, झाला होता, फ्लॅटमध्ये एक खोली मोकळी होती. आता फक्त तिला इथे राहावंसं वाटायला हवं होतं, आणि त्यासाठी कुठे अर्ज करायचा ते काही मला ठाऊक नव्हतं. जेवणावरून तर तिचं मनच उडालं होतं. दोन घास खायची आणि ताट बाजूला सारायची. मी चिडायचे. काळजी वाटली की मला रागच येतो, त्याला इलाज नाही.

आमच्या ब्लॉकखाली रहिवाशांची बाग आहे. तिथे चौथ्या मजल्यावरच्या माकचिकनी, म्हणजे मलय मावशींनी, आपला अर्धा वाफा आईला देऊ केला. आईनं कुंपणाजवळच्या केशरी कॉसमॉसचं बी आणून पेरलं. दसऱ्याला देवापुढे घरची फुलं हवीत म्हणून. माकचिकनी शेजारीच उलाम राजा पेरला. तोही कॉसमॉसच, पण गुलाबी फुलांचा, आणि त्याचा कोवळा पाला इथे भाताबरोबर कच्चा खातात. बी दोन्हींचं सारखंच, काळं आणि सुईसारखं. पाठोपाठ जोराची सर आली, बी वाफाभर वाहिलं, आणि रोपं उगवली ती सगळी मिसळून.

एका संध्याकाळी पाया लेबारहून ऑफिस आटपून आले तर आई दारातच उभी.

"ती तुझी माकचिक माझी रोपं उपटते!"

"कशावरून?"

"कशावरून काय, डोळ्यांनी बघितलं. फुलझाडं उपटते आणि तण ठेवते."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये माकचिकनी मला गाठलं. "युअर मदर ऑल्वेज पुल आउट माय उलाम, लाह! गुड वन थ्रो, रबिश वन कीप!"

म्हणजे दोघी एकमेकींची रोपं तण समजून उपटत होत्या, मोठ्या निष्ठेनं. आईच्या लेखी कॉसमॉस म्हणजे देवाला वाहायचं फूल, त्याचा पाला माणसं खातात हे तिच्या गावीही नव्हतं. माकचिकच्या लेखी जे पानात वाढता येत नाही ते झाड कसलं! दोघींचं एकमत होतं ते एकाच बाबतीत. त्याच कुळातलं, कपड्यांना काटेरी बी चिकटवणारं एक पांढऱ्या फुलाचं झाड मधेमधे उगवायचं, ते दिसलं की दोघी तुटून पडायच्या.

फोनवर शोधलं तर सगळे फोटो फुलांचे. केशरी आणि गुलाबी आंधळ्यालाही कळेल, पण आमच्याकडे होती वीतभर रोपं. शेवटी शनिवारी सकाळी मी दोघींना घेऊन वाफ्याशी उकिडवी बसले. माझ्या मनात भलतंच चाललं होतं. हे भांडण चिघळलं तर आई बागेत जायची थांबेल, आणि मग दसऱ्याची तरी कशाला वाट बघेल?

पानं शेजारी शेजारी धरली. एकाच्या पात्या जरा रुंद, दुसऱ्याच्या बारीक कातरलेल्या. एकाचा देठ हिरवा, दुसऱ्याला जांभळट झाक. पण ही झाक उन्हातल्या रोपाला होती, सावलीतल्याला नव्हती. मी वैतागले. तेवढ्यात माकचिकनी बारीक पान चुरडून आईच्या नाकाशी धरलं.

आईनं वास घेतला. पुन्हा घेतला.

"अगं, कैरी!"

मग दुसरं पान चुरडलं. त्याला कसलासा उग्र वास. आईनं नाक मुरडलं आणि आपल्या फुलझाडांबद्दल पहिल्यांदाच जरा कमी प्रेमानं बोलली. त्यानंतर पुढचा तासभर दोघींनी एकेक रोप हुंगत वाफा वेगळा केला. भाषेवाचून काही अडलं नाही. मी नुसती बसून होते.

दुपारी आईनं हरभऱ्याची डाळ भिजत घातली. संध्याकाळी आंब्याची डाळ करतात तशी वाटली, कैरीऐवजी उलाम बारीक चिरून घातला, वर हिंग-मोहरीची फोडणी. बशीभर स्वतः खाल्ली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत उभी राहिले, कारण मला रडू येत होतं. मग एक डबा चौथ्या मजल्यावर गेला. येताना तो रिकामा आला नाही, हे सांगायला नकोच.

दसऱ्याला देवापुढे केशरी फुलांची रास होती. मी तिकिटाचा विषय काढला नाही, तिनंही नाही. हिंमत कुणाची होती!

दोन दिवसांनी माकचिक वर आल्या. हातात कागदाची पुडी, डोळे भरलेले. केशरी फुलांचं वाळलेलं बी त्यांनी वेचून ठेवलं होतं. आईकडे हात करून मला म्हणाल्या, "फॉर हर. गो बॅक इंडिया, कॅन प्लांट."

मी आईला अर्थ सांगितला. आईनं पुडी घेतली, उघडून पाहिली, आणि तिचा पारा चढला.

"मला घालवायची एवढी घाई झालीय का हिला?" पायांत चपला सरकवत ती म्हणाली. "तिला म्हणावं खाली चल. वाफा मोकळा पडलाय, हे आजच पेरायचंय."