ऑडिटच्या नावाखाली केदारकांठा

बाबांनी उभ्या आयुष्यात थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या दादाकाकांना, कधी ‘नाही’ म्हटलेलं नाही. नोकरी केंद्र सरकारची, दिल्लीतली. पण रजा साताऱ्याजवळच्या गावाच्या मालकीची. दिवाळीला गाव, मे महिन्यात गाव, जानेवारीच्या जत्रेला तर गावच. हिमालय एका रात्रीच्या बसवर असून बाबांनी बर्फ पाहिला तो फक्त फ्रीजमध्ये.

आता फेब्रुवारीअखेर ते रिटायर होणार आणि क्वार्टर सोडून कायमचे गावी जाणार. एका रविवारी मी नोएडाहून जेवायला गेले होते, तर आमटी ओरपता ओरपता म्हणाले, “एकदा बर्फात झोपायचं होतं गं. राहूनच गेलं.” राहूनच गेलं म्हणे! मी तिथल्या तिथे उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराचा ट्रेक ठरवून टाकला. जानेवारीत, तंबूत, तीन रात्री. मला सुट्टी मिळाली ती नेमकी जत्रेच्याच आठवड्यात. बाबांनी दादाकाकांना फोनवर सांगितलं, “ऑफिसात ऑडिट आहे, दादा.” सांगताना खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

तुम्हीही जाणार असाल तर थर्मल आणि हातमोजे करोल बागेत घ्या, पण घासाघीस केल्याशिवाय पाकीट काढू नका. बूट, स्लीपिंग बॅग आणि बुटांखाली लावायचे काटे पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने मिळतात. विकत घेऊन माळ्यावर टाकण्यात काही शहाणपण नाही. आणि आधी महिनाभर पाठीवर सॅक घेऊन जिने चढा. बाबांनी वजन म्हणून सॅकमध्ये कणकेची पिशवी घातली होती. आई पोळ्यांना त्यातलंच पीठ काढायची, त्यामुळे सराव दिवसेंदिवस हलका होत गेला.

माझ्या जुन्या स्लीपिंग बॅगेत गच्चीवर झोपायची रंगीत तालीमही झाली. सकाळी वरच्या मजल्यावरचे वर्माजी कपडे वाळत घालायला आले आणि बाबांना बघून हळूच म्हणाले, “भाईसाहब, भाभीजी ने निकाल दिया क्या?”

“नहीं जी, प्रॅक्टिस कर रहा हूँ.”

यावर वर्माजी आणखीच हळहळले.

आई काही आली नाही. “दिल्लीची थंडी मला पुरे,” म्हणाली आणि बेसनाचे लाडू बांधून दिले. काश्मिरी गेटवरून रात्रीची बस, पहाटे डेहराडून, तिथून सांकरीपर्यंत जवळजवळ अख्खा दिवस नुसती वळणं. उलटीची गोळी आधी घ्या, बढाया नंतर मारा. वाटेत राजमा-चावल गरम आणि स्वस्त मिळतो.

दुसऱ्या दिवशी चढाई सुरू झाली. आमचा गाइड प्रदीप दर दहा पावलांवर “अंकल, धीरे” म्हणायचा आणि बाबा दर वेळी ऐकवायचे, “अंकल काहे का? अभी रिटायर नहीं हुआ.” पहिला मुक्काम गोठलेल्या तळ्याकाठी, देवदारांत. तिथे आईचे लाडू काढले तर तुपासकट धोंडे झालेले. बाबांनी एक दगडावर आपटला, दगडाचाच टवका उडाला. प्रदीप हसत म्हणाला, “अंकलजी, इनको रात में साथ सुलाओ.” म्हणून बाबा डबा पोटाशी धरून स्लीपिंग बॅगेत शिरले. नुसतं नाक बाहेर. तशातच मोबाइलवर आईसाठी व्हिडिओ केला: “सुमन, बघ! बर्फात झोपलोय! ऑडिट-बिडिट सब झूठ!” रेंज नव्हतीच. रेंज आली की जाईल म्हणून पाठवून दिला आणि घोरायला लागले. मी मात्र बराच वेळ त्यांच्याकडे बघत पडले होते. मला फार फार बरं वाटत होतं.

शिखरावर आम्ही गेलो नाही. शेवटच्या चढाआधी बाबा म्हणाले, “मला झोपायचं होतं, झोपलो. चलो.” मी जरा हिरमुसले, पण त्यांना सोडून जाववेना.

उतरताना सांकरीजवळ रेंज आली आणि व्हिडिओ गेला. आईला नाही, घरच्या ग्रुपवर. त्याच्या बरोबर वर दादाकाकांनी टाकलेले पालखीचे फोटो. बाबांचा चेहरा बघवेना. दोनच मिनिटांत फोन वाजला. बाबा बर्फात ताठ उभे, आणि हातमोज्याने भलतंच बटण दाबल्यामुळे स्पीकर चालू.

“झालं का ऑडिट?”

“दादा, चुकलं माझं.”

“जत्रा दरवर्षी येते, त्याचं काय एवढं? पण मी बोलावलं की तू येतोस. दिल्लीत जन्म काढलास, एकदा तरी म्हणालास का, दादा, तुम्ही या, हिमालय बघू? मी वाट बघत होतो रे.”

फोन ठेवला गेला. बाबा बर्फातच बसले. मीही बसले. आमच्यातल्या कुणालाच हे कधी सुचलं नव्हतं.

आता क्वार्टरमध्ये खोकी भरणं चालू आहे. परत आलो त्याच संध्याकाळी बाबांनी गावी फोन लावला, या वेळी खुर्चीत बसून. “दादा, घर सोडायच्या आत तुम्ही इकडे या,” एवढंच म्हणाले आणि पलीकडून उत्तर यायच्या आत घाबरून फोन ठेवला. तीन दिवस काही कळलं नाही. बाबा उगीचच खोकी उघडून पुन्हा बांधत होते.

आज सकाळी ग्रुपवर दादाकाकांचा मेसेज आला. रोजचं सुप्रभात नाही, फूल नाही.

“बूट नऊ नंबर. सुमनला सांग, लाडू इकडून आणतोय.”