गिरजाबाईंचा काळा कळप

भद्रावतीला लेकीकडे होते. सकाळीच पुतण्याचा, रमेशचा फोन आला. "काकी, आई गेली..." माझ्या तोंडून निघालं, "मेंढरं सोडली काय रे?" म्हातारीचं डोकं सरकलं, अशा नजरेनं लेक पाहू लागली. पण रमेश म्हणाला, "सोडली. तिनंच सांगतलं होतं, माह्यापायी त्याईले उपाशी ठेवू नोका म्हणून." तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

गिरजाबाई माझी थोरली जाऊ, रमेशची आई. मी सिरोंच्याकडून लग्न होऊन मूलजवळच्या या गावी आले, तेव्हा नाक भलतंच वर होतं. आमच्याकडची मेंढरं उंच, पांढरी, गुळगुळीत अंगाची. इथली बुटकी, काळी, लोकरीनं गच्च. दुसऱ्याच दिवशी मी अक्कल पाजळली, "बाई, हे मेंढरं व्हय का भिजलेल्या घोंगड्या चालून राह्यल्या?" त्या म्हणाल्या, "पावसाळा येऊ दे वं, मंग बोल." इथल्या धानाच्या मुलखात चिखलानं मेंढरांचे खूर सडतात. पावसाळाभर जी मेंढी लंगडली नाही, तिचीच पिल्लं बाई ठेवत, बाकीची विकत. अशी निवडून निवडून त्यांनी आपली जात बांधली होती. मी मनात म्हणे, वंशावळ राजाची असते, मेंढीची कुठे?

मग एका वर्षी साथ आली आणि मेंढरांचा वाडा रिकामा झाला. उरल्या थोड्या म्हाताऱ्या काळ्या मेंढ्या. काळा मेंढा एकही नाही. घरचे पुरुष म्हणाले, बाजारातून आणू, वाडा भरून टाकू. बाई म्हणाल्या, "वाडा भरून का करू? मले माही जात पायजे." आणि कोरपन्याकडे काळा मेंढा शोधायला निघाल्या. नेमका तेव्हाच माझ्या बाबांनी मायेनं एक उंच पांढरा मेंढा पाठवला होता. आमच्यात नको असलेल्या मेंढ्याच्या पोटाखाली पोतं बांधतात. कळपात फिरतो, पण लग्न लागत नाही. बाईंनी पोतं बांधलं, सोडू नको म्हणून मला बजावलं आणि गेल्या.

दुपारचं ऊन. माहेरचा पाहुणा धापा टाकतोय. मला आला कळवळा. पोतं सोडलं, धुतलं, कुंपणावर वाळत घातलं आणि वाळेपर्यंत एक डुलकी काढली... पाहुण्यानं काही डुलकी काढली नाही.

बाई हात हलवत परत आल्या. आणि पाच महिन्यांनी पिल्लं झाली ती एकजात चितकबरी. गावातल्या बाया मुद्दाम पाहायला येत, "सिरोंच्याचे नातू आले वं!" म्हाताऱ्या मेंढ्यांची आता एखाददुसरीच वीण उरली होती. त्यातली एक मी वाया घालवली होती. बाईंनी एकेक पिल्लू उचलून पाहिलं. मीच शहाणी बोलले, "पण बाई, गोजिरे किती हायेत!"

"गोजिरी तं तू बी हायेस. म्हणून का पोतं सोडाले ठेवलं होतं तुले?" म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सगळी पिल्लं विकायला काढली. एक तरी ठेवा, म्हणून मी पाया पडले. "आज एक ठेवली, मंग तिची पिल्लं, मंग त्याईची... मंग काळं कुठी धुंडू?" नाहीच ठेवली.

पुन्हा चालत गेल्या आणि या खेपेला काळा मेंढा घेऊनच आल्या. तोवर दोन मेंढ्या दगावल्या होत्या. उरलेल्यांवर बाईंनी कळप पुन्हा उभा केला. कितीतरी वर्षं वाडा अर्धा रिकामा होता, बाईंनी बाजारचं एक पिल्लू आत येऊ दिलं नाही. आता गडचांदूरकडून लोक मेंढा मागायला येतात.

दिवसकार्य आटोपल्यावर सकाळी रमेशनं वाडा उघडला. एकेक मेंढरू निघेल एवढंच ते दार. पण बाहेर कोणी येईना. सगळी मान पुढे करून उभी. "रोज असंच करून राह्यली, काकी. मी हाकलतो." मला समजायला वेळ लागला. दाराशी दगड आहे. त्यावर बसून बाई प्रत्येकीच्या पाठीवरून खुरापर्यंत हात फिरवत आणि मगच सोडत.

गुडघे कुरकुरले, पण मी दगडावर बसले. हात फिरवला. एक निघाली, मग दुसरी.

"काकी, मेंढा कोणता ठेवाचा यंदा? तो मोठा ठेवू? पाहाय ना, राजा दिसते."

"माय कोणती त्याची?"

त्यानं मागची मेंढी दाखवली. ती डावा पाय जपून टेकत होती.

"त्याले इकून टाक," मी म्हटलं.

पुढची उंबऱ्यात येऊन थांबली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.