अक्काचं कापड आणि गाडीचं तेल

भीमेच्या पुलाच्या चढावर आमची गाडी मागं घसरायला लागली, तेव्हा माझ्या मांडीवर थोरल्या बहिणीच्या मर्तिकाचं कापड होतं. बहीण अजून जिवंत होती.

"बबन, ब्रेक दाब की रं!" मी लेकाला ओरडले.

"ब्रेक सोडला की मागंच जातीया, आये! पुढं जाईना!"

इंजिन नुसतं बोंबलत होतं, चाक पुढं सरकत नव्हतं. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर! त्याच्या ड्रायव्हरनं कसाबसा ब्रेक लावला, खाली उतरून आमच्या चाकामागं धोंडा टाकला आणि आमच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. धोंडा टाकला होता, म्हणून मी ऐकून घेतलं.

सकाळीच दौंडहून भाच्याचा फोन आला होता. "मावशी, अक्काचं काय खरं न्हाई. तोंड बघायचं आसंल तर लगेच निघा." आम्ही केंदूरहून निघालो. आमच्यात बाईला शेवटचं कापड माहेरचं लागतं. भाऊ दोन्ही गेलेले, माहेर म्हणून उरले ती मी. वाटेत शिक्रापुरात गाडी थांबवली आणि कोरं पांढरं कापड घेतलं.

"अगं, ती जायची तरी वाट बघ," आमचा म्हातारा म्हणाला.

"ती गेल्यावर दुकान उघडं आसंल कशावरनं?"

आता सगळे खाली उतरलो. गाडीखाली लाल थारोळं! म्हाताऱ्यानं आधी ते बघितलं, मग मला बघितलं.

त्याचं कारण होतं. डॉक्टरनं त्याचं पान बंद केलेलं, आणि गेला महिनाभर अंगणात गाडीपाशी रोज लाल डाग दिसायचा. तो देवाशपथ म्हणायचा, "म्या न्हाई थुकलो." मी म्हणायचे, "मग काय चंद्र थुकला?" आणि शेणानं सारवून टाकायचे. (माझं सारवण चांगलं असतं. लेकाला डाग कधी दिसलाच नाही.)

"घे," म्हातारा म्हणाला. "आता गाडीबी पान खाया लागली."

मी बबनकडं वळले. "फिटरला फोन लाव," म्हणाले.

बबनची गाडी जुनी, पुण्याहून घेतलेली, आपली आपण गिअर बदलणारी. तिच्या गिअरला हे लाल तेल लागतं म्हणे. न्हावऱ्याहून फिटर आला, गाडीखाली शिरला आणि आतूनच बोलला, "समदं माखलंय, मावशी. कुठनं गळतंय तेच कळंना. पुसून घेतो. खाली एखादं पांढरं कापड पसरा. थेंब पडला की त्याच्या वर बघू."

सगळ्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं.

"नको आये," बबन म्हणाला. "अपशकुन व्हईल."

"चांगलं शकुन तरी कुठं चाललेत सकाळपासनं?"

तेवढ्यात भाच्याचा पुन्हा फोन. "मावशी, कुठवर आलाय? अक्का डोळं उघडंना."

मी कापडाची घडी मोडली. कापड पोचलं आणि बहीण दिसली नाही, तर ते माहेर काय कामाचं? "पसर," म्हणाले.

बबननं गाडी चालू केली. आम्ही दोघं माना खाली घालून बसलो. रस्त्यावर पांढरं कापड, त्यावर लाल थेंब, शेजारी दोन म्हातारी माणसं. येणारी-जाणारी थांबायला लागली. एकानं टोपी काढली. एका बाईनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला.

"कोण गेलं, आजी?"

"अजून कुणी न्हाई. तेल गेलंय."

तिनं हात काढून घेतला.

"घावला!" फिटर ओरडला. थेंबाच्या बरोबर वर रबरी पाइप होता. गिअरचं तेल रेडिएटरकडं नेणारा. क्लिपेपाशी चिरला होता. फिटरनं चिरलेला तुकडा कापला, पाइप ओढून पुन्हा बसवला आणि क्लिप आवळली. पण लाल तेल त्याच्याकडं नव्हतं. त्याच्या मोटरसायकलवर बसून बबन चौफुल्याला गेला. तो येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. माझ्या पोटात सकाळचा चहा, तोही अर्धा.

तेल भरलं, गाडी पूल चढली. डाग पडलेलं कापड मी घडी करून पुन्हा पिशवीत घातलं. भाच्याच्या दारात रडण्याचा आवाज नव्हता. मी मनात म्हटलं, झालं, रडून दमली असतील!

आत गेले. अक्का खाटेवर टेकून बसली होती, मऊ भात खात होती.

"हौसे, आत्ता आलीस व्हय? म्या काय तुझ्यासाठी ताटकळत बसायचं?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी उंबऱ्यातच आडवी झाले.

जाग आली तेव्हा अक्काच्या खाटेवर मी होते. तिच्यासाठी आणलेलं सलाईन माझ्या हाताला होतं. अक्का स्टुलावर बसून माझे तळपाय चोळत होती आणि बघायला आलेल्या बायांना सांगत होती, "मला पोचवाया आली, आन् बघा!"

अक्का वाचली. म्हातारा वाचला, बबन वाचला. बाटली संपल्यावर मीही वाचले.