एक टकटक म्हणजे हो

भुतांना पगार मिळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मावशीला भेटायला हवं होतं. तिला महिन्याच्या महिन्याला मिळायचा, तोही खाडे कापून.

टेकडीवरच्या त्या जुन्या बंगल्याचं आता संग्रहालय झालं होतं. फार पूर्वी तिथल्या मालकाने बायकोला वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत कोंडलं आणि ती तिथेच मेली, अशी गोष्ट सांगत. खरी की खोटी, देव जाणे. पण तिकीट काढून लोक यायचे ते मालकाच्या खुर्च्या आणि बंदुका बघायला नाही, तर त्या बंद दाराला कान लावायला.

मावशी तिथे झाडलोटीच्या कामाला लागली होती. एकदा वरची खोली पुसताना तिने बादली सरकवली आणि खाली उभ्या असलेल्या पाहुण्यांची पाचावर धारण बसली. दुसऱ्या कुठे तिला बोलणी बसली असती, इथे बढती मिळाली. मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं, चक्क खुर्ची दिली आणि म्हणाला, "मावशी, उद्यापासून फरशी पुसू नका. नुसती बादली सरकवा. आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही. घरी कळलं की गावभर झालंच म्हणून समजा."

नुसती बादली म्हणता म्हणता काम वाढत गेलं. कोणती फळी करकरते, कुठे पाय घासला की दाराबाहेरच्यांना अगदी दारामागे ऐकू येतो, हे सगळं तिला तोंडपाठ झालं. पुढे गाईडने सवालजवाब काढले. बडबडा इतका, की सगळे त्याला पोपट म्हणायचे. पाहुण्यांनी दाराशी प्रश्न विचारायचा. आतून एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. परीक्षेत पास होईन का, इथपासून सासूबाई किती दिवस राहणार, इथपर्यंत लोक काय वाटेल ते विचारत. दिवसांचा हिशेब टकटक करून कसा सांगायचा? अशा वेळी मावशी गप्प बसायची. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र एकच होता. बाई, बाहेर यायचंय का? त्याला दोनदाच ठोकायचं, असा मॅनेजरचा सक्त हुकूम होता. भूतच बाहेर गेलं तर उद्या तिकीट कोण काढणार!

पण लोकांना नुसत्या आवाजावर विश्वास कुठला बसायला? ते दार ढकलून बघत. म्हणून बाहेरून कुलूप आलं. खरंखुरं, मुठीएवढं. किल्ली पोपटच्या खिशात. तो तिला सकाळी आत घालायचा, दुपारी डबा खायला बाहेर काढायचा आणि बंगला बंद झाला की सोडायचा. खिडकीला फळ्या ठोकल्या होत्या. भुताने खिडकीत उभं राहून वारा खाल्लेला चालत नाही ना. जेवणानंतर ती पाण्याचा घोट घ्यायची नाही, का ते सांगायला नको. एकदा तिचा फोन आत वाजला, तोही नाचाच्या गाण्यावर. पोपटने पाहुण्यांनाच दम देऊन वेळ मारून नेली. तेव्हापासून फोन त्याच्या ड्रॉवरमध्ये.

सुरुवातीला तिलाही गंमत वाटायची. मग हळूहळू ती गंमत अंगाशी आली. घरीसुद्धा ती पाय न वाजवता चालू लागली. न्हाणीघराचं दार लावलं की तिचा जीव घुसमटायचा. बाहेर कोणी हसलं की आपल्यालाच हसताहेत असं वाटायचं. हे काम सोडायचं, एवढी एकच इच्छा तिच्या मनात उरली होती. तिने नवऱ्यापाशी विषय काढून पाहिला. त्याने उभा जन्म बस चालवण्यात घालवलेला. उन्हातान्हात, धुरात. आवाज इतका मोठा, की डेपोत त्याला हॉर्न म्हणत.

"ऑफिसात सावलीला बसायचं काम तुझं," तो म्हणाला, "आणि ते तुला जड झालं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

ऑफिस हा शब्द तिनेच त्याला सांगितला होता. आता तो फिरवायचा कसा?

शेवटी एका सकाळी धीर करून ती मॅनेजरपुढे उभी राहिली. "मला सोडा साहेब. खाली झाडायला लावा, पण त्या खोलीत नको."

"मावशी, तुम्ही गेल्यावर बंगल्यात उरतं काय? खुर्च्या?" मॅनेजर हसला. "तुमच्यासारखी दुसरी मिळेपर्यंत थांबा."

दुसरी कोणी शोधतच नव्हतं. मावशीला ते कळत होतं. ती मुकाट्याने जिना चढली आणि मागे कुलूप लागलं.

त्याच दुपारी खालून ओळखीचा आवाज आला. हॉर्न आपल्या निवृत्त दोस्तांना घेऊन बंगला बघायला आला होता.

"आमची मंडळी इथेच ऑफिसात असते," तो पोपटला सांगत होता. "भेटेल का?"

"त्या कामात आहेत," पोपट म्हणाला. आयुष्यात एकदा तरी तो खरं बोलला.

घोळका वर आला. मावशी दाराला पाठ लावून उभी राहिली. मध्ये एक दार, आणि पलीकडे तिचा हक्काचा माणूस. पोपटची गोष्ट सांगून झाली. दोस्तांनी हॉर्नला पुढे ढकललं. त्याने घसा खाकरला आणि विचारलं, "काय बाई, बाहेर यायचंय का?"

मावशीने एकदाच ठोकलं.

बाहेर सगळे चिडीचूप. पोपटसुद्धा. आणि मग तिला राहवलं नाही. दिवसभर कोरड्या पडलेल्या घशातून जेमतेम आवाज निघाला. "अहो... मी आहे. दार उघडा ना. अहो!"

जन्मात तिने नवऱ्याला दुसऱ्या कशाने हाक मारली नव्हती. बाहेर अर्धा डझन नवरे उभे होते आणि प्रत्येकाच्या अंगावर काटा आला. कोणीतरी किंचाळलं. कुलूप दोनदा खडखडलं. मग जिन्यावर धाड धाड पावलं, आणि खाली गेल्यावर हसण्याचा एकच कल्लोळ.

संध्याकाळी कुलूप काढायला पोपटबरोबर मॅनेजर स्वतः आला होता. "वा मावशी! कमाल केलीत. उद्यापासून प्रत्येक खेपेला असंच करायचं. 'अहो' तर हवंच."

घरी हॉर्नला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. तिने ताट वाढलं आणि त्याने सुरुवात केली. "तुझ्या त्या बंगल्यात आज काय झालं माहितेय? बाई नवऱ्याला हाका मारत होती गं! कसला दगड असेल तो नवरा. एवढी कळवळून हाक मारतेय, आणि याचं आपलं लक्षच नाही!"

"लक्ष होतं," मावशी म्हणाली. "त्याने कुलूप दोनदा ओढून बघितलं. पक्कं आहे म्हणाला असेल, आणि गेला खाली."

हॉर्नचा घास हातातच राहिला. कुलूप ओढल्याचं तर त्याने सांगितलंच नव्हतं. मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने मांडीवर थाप मारली.

"म्हणजे तू? तू होतीस आत? हे काम तुझं? अगं, काय अ‍ॅक्टिंग केलीस!" हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तर क्षणभर वाटलं, आत खरंच कोणीतरी बाई अडकलीय!"

मावशीने हात पुढे केला आणि त्याच्या ताटाशेजारी बोटाने एकदाच ठोकलं.

हॉर्न हसायचा थांबला.