आम्हीच लिहिलेला चौथा नियम

आमच्या सोसायटीचे पोटनियम मी लिहिले होते, आणि चौथा नियम लिहिताना माझी छाती चांगली फुगली होती. सभासद बौद्धच असावा, असा तो नियम. तेव्हा मी बोरी अरबजवळच्या एका गावात मास्तर होतो. वय चोवीस, डोक्यात राख घालायला कायम तयार. दीक्षा घेऊन आल्यावर आमच्या लोकांनी गावकुसाबाहेरची जुनी वस्ती सोडून नवी उभारायचं ठरवलं. सरकारकडून ई-क्लासची, म्हणजे गुरचराईची पडीक जमीन मिळाली, चौदा घरांची सोसायटी नोंदली गेली. नफा कोणाला खायचा नव्हता, राहायला धड घर हवं होतं. अध्यक्ष माझे मामा. सभासदांत माझी विधवा माय. मी नुसता चिटणीस, कारण अक्षर माझंच बरं होतं.

घरं बांधायची आमची एक रीत होती. कोणतं घर कोणाचं हे आधी ठरवायचंच नाही. चौदाही घरांच्या भिंती सगळ्यांनी मिळून चढवायच्या आणि शेवटच्या छपरावर कवेलू बसले की मग मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या. आता सांगा, अंगचोरी करणार कोण? आज वाकडी चढवलेली भिंत उद्या आपल्याच वाट्याला यायची. सुट्टीच्या दिवशी मीही मातीचा गारा तुडवायचो. माय माझ्यापेक्षा चांगला तुडवायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तसं सांगायचीही.

भिंती कमरेइतक्या आल्या तेव्हा दोन गोष्टी घडल्या. एका सभासदाला राजूरच्या कोळसा खाणीत काम लागलं. बायकोपोरांना घेऊन तो तिकडे गेला आणि सोसायटीतून नाव काढून घेतलं. आणि सहकाराचा नवा कायदा आला. जुन्या सोसायट्यांनी आपले पोटनियम नव्या कायद्याला धरून करून घ्यावेत, असा कागद यवतमाळच्या सहकार कचेरीतून आला. सोबत आमचे पोटनियम परत, चौथ्यावर लाल रेघ मारलेली. पात्र माणसाला योग्य कारणाशिवाय सभासद करून घ्यायला नकार देता येणार नाही म्हणे.

माझं टाळकंच फिरलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांनी कुठं चार भिंती उभ्या केल्या तर लगेच कायद्याला सगळ्या जगाचा पुळका! मी यवतमाळला जाऊन कचेरीतल्या साहेबांशी भांडलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, मास्तर, शहरातल्या ज्या सोसायट्या तुम्हाला दारात उभं करत नाहीत, त्यांनाही हाच कायदा लागू आहे. परतीच्या एसटीत मी स्वतःवरच चरफडत बसलो.

त्याच आठवड्यात अर्ज आला, तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या गाडीवानाचा. आमच्या सगळ्या घरांचा दगड आणि मुरूम त्याच्याच बैलगाडीनं आला होता. त्याच्या दोन मुली माझ्या शाळेत होत्या, दोघीही हुशार. पण तांडा आणि गाव यांच्या मध्ये नाला, त्यामुळे पावसाळाभर पोरी घरीच. दोन वर्षं असं झालं होतं. यंदाही शाळा बुडाली तर थोरलीचं लग्न उरकून टाकायचं, असं तांड्यावर ठरत आलं होतं. आमची नवी वस्ती नाल्याच्या अलीकडे, शाळेच्या बाजूला. राजूरला गेलेल्याची रिकामी जागा त्याला त्या पोरीसाठी हवी होती.

सभा भरली ती अर्ध्या भिंतींच्या मधोमध, मुरमाच्या ढिगाभोवती. मी नवा कायदा वाचून दाखवला, तो कोणालाच गोड लागला नाही. एकजण म्हणाला, आज एक आला, उद्या अख्खा तांडा येऊन बसेल. दुसऱ्यानं विचारलं, तो आपल्यासंगं वंदनेला बसेल काय? खरं सांगायचं तर मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. शेवटी मामांनी तोड काढली. मामा सगळ्यांना सांभाळून घेणारा माणूस. ते म्हणाले, कायदा घ्या म्हणतो, तर घेऊ. नाल्याकडचं शेवटचं घर त्याला देऊन टाकू आणि चिठ्ठ्या आपण तेरा जण टाकू. सगळ्यांच्या माना हलल्या, माझीही हलली. गाडीवान लांब बैलांपाशी उभा होता, त्यानंही मान हलवली. तेवढ्यातही त्याच्या पोरींचं भागत होतं.

त्याची ती हललेली मान मायनं पाहिली. भर सभेत मामांपुढे तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. पदर खोचून ती उभी राहिली.

"भाऊ, गावानं आपल्याले हाकललं नव्हतं. कडेले ठेवलं होतं. तुमी आता काय करून राह्यले?"

मामा काडीनं मुरूम उकरत राहिले. माझे कान तापले, कारण मामांचा ठराव मी वहीत अर्धा लिहूनही टाकला होता. तो मी खोडला आणि त्याच हातानं चौथा नियमही खोडला. कायद्यानं फक्त आत घ्यायला सांगितलं होतं. घर कुठं द्यायचं ते आमचं आम्हाला ठरवायचं होतं. नवा ठराव लिहिला, सभासद चौदा, चिठ्ठ्या चौदा, मडकं एकच. पहिला हात मामांचा वर झाला. मला या दोघा भावाबहिणींचा अभिमान आहे. माय बोलली म्हणून, आणि चारचौघांत चूक मानायला मामांना जड गेलं नाही म्हणून.

उन्हाळा सरता सरता कवेलू बसले आणि चिठ्ठ्या निघाल्या. गाडीवानाला अगदी मधलं घर लागलं, मामांच्या भिंतीला भिंत. नाल्याकडचं शेवटचं घर निघालं ते आमच्या नावानं! मी तणतणलो. एवढं भांडून मिळवलं काय, तर हे? गाडीवानही संकोचला. संध्याकाळी येऊन म्हणाला, याडी, माझं घर तू घे, मी तिकडे जातो. तो मायला आईच म्हणायचा. मी लगेच हो म्हणणार होतो.

माय दारापुढं सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुले देल्लं असतं तं ते कडेचं घर होतं, बापू. आता चिठ्ठीनं निघालं. आता ते आमचं घर हाय."

पंधरा दिवसांत पाऊस लागला आणि नाला दुथडी भरून वाहू लागला. त्या सकाळी मी शाळेत पोचलो तेव्हा गाडीवानाची थोरली सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसली होती.