तोंड त्याचं, सूर अक्काचा

रंगमंचामागच्या खोलीत अक्का तंबोरा जुळवत होती, तेव्हा धाकट्या भावाने आरशात केस सारखे करता करता सांगितलं, "अक्का, आज तुझा माइक लावलेला नाही. मागे माझा लेक गाईल, तू नुसती तंबोऱ्यावर बस." सख्खी बहीण ती. निदान तोंडाकडे बघून तरी बोलावं माणसाने.

अक्काच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि का होऊ नये? गायक म्हणून धाकट्याचं जे काही नाव होतं, ते त्याच्या वरच्या सुरासाठी. आणि तो सूर त्याचा नव्हताच. ऐन तारुण्यातच वर जाताना त्याचा आवाज फाटायला लागला. दोघांचे गुरू म्हणजे त्यांचे वडीलच. त्यांनी तोड काढली. धाकट्याने सूर चढवत न्यायचा, टोकाला पोचला की आवाज थांबवून तोंड मात्र तसंच उघडं ठेवायचं, आणि मागे बसलेल्या अक्काने तिथून सूर उचलायचा. घरचाच गळा, जोड कुणाला कळायची नाही. टाळ्या धाकट्याला. अक्काने स्वतःच्या गाण्याचा विषय काढला की वडील म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. सूर घराबाहेर जाईल म्हणून पोरीची स्थळंसुद्धा परतवली त्यांनी. हा शुद्ध दरोडा होता, पण घरात त्याला साथ म्हणायचे.

मागच्या मैफलीनंतर कुणीतरी पेपरात लिहिलं, मागे बसणाऱ्या बाईंचा गळा विलक्षण आहे. झालं, भावजयीच्या पोटात दुखायला लागलं. त्यात आज रेकॉर्डिंग. आयुष्यात एकदा तरी आपला आवाज कुठेतरी राहील, एवढ्याच आशेवर अक्का आली होती, आणि यांनी तेवढंही ठेवलं नाही.

"वरच्या सुराचं काय?" तिने विचारलं.

"मी लावीन. रियाज केलाय."

"तुझा आवाज थांबतो ते लेकाला सांगितलंयस?"

"त्याला कशाला सांगायचं?" धाकटा म्हणाला.

"आणि अक्का, तुमचंही वय झालं आता," दारात उभी असलेली भावजय मध्येच बोलली. "किती दिवस जागा अडवून बसणार?"

जागा अडवून म्हणे! अक्काने तंबोरा उचलला आणि रंगमंचावर जाऊन बसली.

धाकटा रंगात आला. खाली छान गायला, खोटं कशाला बोला. मग चढायला लागला, टोकाला पोचला, आणि इतक्या वर्षांची सवय आडवी आली. त्याने आवाज थांबवला. तोंड उघडं, हात वर, डोळे मिटलेले, आणि सूर कुठेच नाही. तबला एकटाच वाजत राहिला. शेजारी भाचा टकमका बघत होता, बापाला काय झालं त्याला कळेना.

अक्काचा श्वास भरून तयार होता. सवय तिलाही होतीच. पण आज ती थांबली. श्रोते पुढे झुकले, कुणीतरी खोकलं, तरी ती थांबली. अखेर धाकट्याने डोळे उघडले आणि तोंड मिटलं. ते नीट मिटलंय हे सगळ्या सभागृहाने पाहिल्यावर अक्काने भाच्यापुढचा माइक स्वतःकडे ओढला आणि वरचा सूर लावला.

धाकट्याने वळून पाहिलं. ती त्याच्याच डोळ्यांत बघून गात होती, आणि खाली उतरायची तिला अजिबात घाई नव्हती.